भाड्याने आलेला आवाज

नितेश गमरे डबिंगच्या धंद्यात रेकॉर्डिस्ट होता. दिवसभर काचेमागे बसायचं आणि एकाचा आवाज दुसऱ्याच्या तोंडात नीट बसतोय ना ते बघायचं, हे त्याचं काम. स्टुडिओ अंधेरीला, लिंक रोडच्या मागच्या गल्लीत, आणि घर मुलुंड पूर्वेला. घरात माणसं तीन: तो, नवऱ्याचं घर सोडून भावाकडे येऊन राहिलेली त्याची मोठी बहीण मंजुळा, आणि दुसरीत जाणारी त्याची मुलगी गंधाली. गंधालीची आई वसुधा भिंतीवर फोटोत होती. पोरगी अंगावर पीत होती तेव्हा ती डेंग्यूने गेली. सोमवारी ताप आला आणि शुक्रवारी सगळं आटोपलं.

वसुधाही त्याच धंद्यातली. आवाज हीच तिची रोजीरोटी, आणि तरी तिच्या घरात तिचा आवाज औषधालासुद्धा शिल्लक नव्हता. हे कुणाला सांगून खरं वाटत नाही. लग्नाची कॅसेट होती, पण शूटिंगवाल्या शहाण्याने तिच्यावर पहिल्यापासून शेवटपर्यंत पिक्चरची गाणी चढवलेली. वसुधा लाजते, हसते, नाव घेते, आणि ऐकू येतो तो ढोलक. मोबाइल तेव्हा नुसते बोलायला होते. कामं म्हणाल तर ती बहुतेक लहान पोरांचे आवाज द्यायची, कार्टूनमधली माकडं नि ससे करायची, नाहीतर गर्दीत ओरडायची. त्यातलं थोडंफार अजून टीव्हीवर लागायचं, पण तो तिचा घरचा आवाज नव्हे.

घरच्या आवाजात तिने एकच पिक्चर केला होता. कुठल्याशा बर्फाच्या मुलुखातला. डोंगरावर एकटी राहून मुलाला वाढवणाऱ्या बाईची गोष्ट. हिंदीत त्याचं नाव ठेवलं होतं 'बर्फीला आँचल'. ते ठेवणाऱ्याने पिक्चर पाहिला नसणार हे उघड आहे. डबिंग करून घेणारा दिग्दर्शक मात्र समजदार होता. त्याने वसुधाला सांगितलं, "आवाज काढू नकोस. घरी बोलतेस तशी बोल." तशी ती बोलली. बाईचं बोलणं, हसणं, चढावर दम लागल्यावरचा श्वास, सगळं तिचं. रेकॉर्डिंगला काचेमागे नितेशच होता, लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. काम पोचतं झालं आणि रिवाजाप्रमाणे त्याने हार्डडिस्क पुसून पुढच्या कामाला मोकळी केली. तेव्हा सगळेच पुसायचे. जागा लागायची.

ही आठवण निघाली ती गंधालीच्या एका प्रश्नामुळे. मंजुळा तिचे केस विंचरत होती, तेव्हा पोरीने विचारलं, "आत्या, आई मला हाक कशी मारायची?"

"गंधू म्हणायची. गंधू, इकडे ये गं."

"तुझ्या आवाजात नको ना सांगू. तिच्या आवाजात सांग."

मंजुळा तशी कुणाचं ऐकून घेणारी बाई नाही, पण त्या दिवशी तिचा कंगवा हातातच राहिला. संध्याकाळी नितेश आला तेव्हा तिने त्याला पाणीही न देता हे सांगितलं. नितेश तो पिक्चर शोधायला लागला तो त्या दिवसापासून. पिक्चर निघाला तेव्हा त्याची डीव्हीडी घेऊन ठेवायचं दोघांनाही सुचलं नव्हतं. आता दुकानं पालथी घातली. ज्या कंपनीने डीव्हीडी काढली होती ती केव्हाच बुडाली होती. दुकानदार म्हणायचे, साहेब, जुना माल आहे, आता नाही मिळत.

शेवटी स्टुडिओतल्या दिपेशने तोड काढली. तेव्हा डीव्हीडी घरपोच भाड्याने द्यायची टूम निघाली होती. महिन्याची वर्गणी भरायची, त्यांच्या वेबसाइटवर आपल्याला हव्या त्या पिक्चरांची यादी लावायची, की कुरियरने पाकिटातून डिस्क यायची. बघून झाली की त्याच पाकिटात घालून परत. दिपेश अशा एका कंपनीचा मेंबर होता. "अरे, कुणी बघत नाही असलं सगळं असतं त्यांच्याकडे," तो म्हणाला. नितेशने स्टुडिओतल्याच कॉम्प्युटरवर नाव टाकून बघितलं. होता. एकच डिस्क होती आणि ती कुणाकडे तरी गेलेली होती. त्याने वर्गणी भरली, यादीत तो एकच पिक्चर लावला आणि वाट बघत बसला.

पाकीट आलं ते चंदर नावाच्या कुरियरवाल्याच्या हातून. वयस्क माणूस, मजले चढून घामाघूम झालेला. "एवढं काय त्यात?" नितेशचा चेहरा बघून त्याने विचारलं. नितेशने त्याला बसवून सरबत दिलं.

रविवारी दुपारी जेवणं उरकून तिघं टीव्हीसमोर बसली. पडद्यावर बर्फ, एक झोपडं, आणि दारात उभी एक उंच गोरी बाई. तिने तोंड उघडलं आणि डोंगराच्या उतारावर खेळणाऱ्या पोराला हाक मारली, "आ जा रे, अंधेरा उतर आया."

मंजुळाने तोंडावर पदर दाबला. एवढ्या वर्षांनी वसुधा खोलीत बोलली होती. नितेशला वाटलं होतं, आपण धंद्यातले, आपल्याला सवय आहे. कसली सवय! तो उठून गॅलरीत गेला आणि शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांकडे तोंड करून रडला.

आत आला तर गंधाली रुसलेली. "ही तर दुसरीच बाई आहे," ती म्हणाली. "आई कुठंय?"

"बाई दुसरी आहे, आवाज आईचा आहे," नितेशने समजावलं. "आवाज तेवढा ऐक."

"मला तीच दिसते."

मंजुळा उठली आणि अंघोळीचा मोठा टॉवेल आणून तिने सरळ टीव्हीवर टाकला. मग गंधाली जवळ सरकली, कान लावून बसली आणि हलली नाही. पिक्चर संपला तेव्हा म्हणाली, "पुन्हा."

त्यानंतर रोज शाळेतून आली की हेच. टॉवेल टाकायचा आणि ऐकायचं. दोन आठवड्यांत पोरीला वाक्यं पाठ झाली. एकदा जेवताना ती मध्येच हसली आणि तिचं हसू ऐकून मंजुळाने नितेशकडे बघितलं. हुबेहूब वसुधा. नितेशला त्या दिवशी फार बरं वाटलं, इतकं बरं त्याला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

कंपनीचा नियम चांगला होता, डिस्क हवी तितके दिवस ठेवा, ती परत येईपर्यंत पुढची पाठवणार नाही. नितेशला पुढची नकोच होती. पण चांगली चाललेली गोष्ट मुंबईत कुणाला बघवत नाही. महिनाअखेर कंपनीकडून निरोप आला, आम्ही धंदा बंद करतोय, सगळ्या मेंबरांनी आपापल्या डिस्क परत द्याव्यात, शुक्रवारी आमचा माणूस शेवटचा येईल.

नितेशने त्यांच्या ऑफिसात फोन लावला. नमिता नावाची बाई बोलली. ती बिचारी सकाळपासून असेच फोन घेत असणार.

"मॅडम, मला ती डिस्क विकत द्या. किंमत तुम्ही सांगा."

"सर, भाड्याच्या कॉपीज विकता येत नाहीत. घेताना तसं लिहून दिलंय आम्ही."

"कंपनी बंदच होतेय ना? मग कोण विचारणार?"

"सर, मला पण नोकरीचं सर्टिफिकेट हवंय ना शेवटी."

त्याने फोन ठेवला. ही सगळी बातचीत मंजुळा कान देऊन ऐकत होती. "हरवली म्हणून सांग," ती म्हणाली. "नाहीतर कॉपी मार. तुझ्या स्टुडिओत किती वेळ लागतो त्याला?"

"नाही."

"का रे नाही? कोणाला कळणार आहे?"

"तायडे, वसुधाला चाललं नसतं."

हे मात्र खरं होतं. अंधेरी स्टेशनच्या बाहेर फूटपाथवर एक जण चोरीच्या डिस्क विकायचा. एकदा वसुधाला त्याच्याकडे हाच पिक्चर दिसला होता, तिच्याच आवाजातला, पातळ प्लास्टिकच्या पिशवीत. तिने त्याच्या डिस्क रस्त्यावर उधळल्या होत्या. "माझ्या घशाचं खातोस काय रे!" असं ती ओरडली तेव्हा येणारीजाणारी थांबून बघायला लागली. चोरीची डिस्क माझ्या घरात येता कामा नये, असं तिने नितेशला बजावलं होतं. आणि तो स्वतःही कमी नव्हता. आदल्या वर्षी त्यांच्या स्टुडिओतून एक पिक्चर बाहेर फुटला, तेव्हा सगळ्या पोरांना रांगेत उभं करून त्यानेच झापलं होतं, कॉपी मारणारा आपल्याच ताटात माती कालवतो म्हणून. डबिंगवाल्यांचं हे असंच. बाकी जगाला कॉपी म्हणजे काहीच नाही. ह्यांना ती घरात शिरलेला चोर वाटते.

"ती गेली, नितेश," मंजुळा म्हणाली. "पोरगी आहे. तिचं बघ."

"पोरीचंच बघतोय. तिच्या आईचा आवाज तिला चोरून देऊ?"

आणि नशीब बघा, ह्या भांडणानंतर दोनच दिवसांनी त्याला तो पिक्चर दुकानात दिसला. घाटकोपरच्या मॉलमध्ये, नव्या आलेल्या मालात. नवी कंपनी, नवं चकचकीत कव्हर, त्यावर तीच उंच गोरी बाई आणि ठसठशीत अक्षरांत 'हिंदी'. नितेशने काउंटरवरच्या पोरीला दोनदा थँक्यू म्हटलं. घरी येईपर्यंत तो पिशवी पोटाशी धरून होता. आता भाडं नाही, यादी नाही, परत देणं नाही. पोरीच्या मालकीची आई.

"लावून बघ आधी," मंजुळा म्हणाली.

"अगं ओरिजिनल आहे. त्यात काय बघायचं?" नितेश हसला. "रविवारी तिचा वाढदिवस. वरचं प्लास्टिक तिलाच फाडू दे."

"बघ बाबा. मी आपली अडाणी."

शुक्रवारी चंदर आला. आज त्याच्या पाठीवरची पिशवी भरून वाहत होती. "शेवटची फेरी," तो म्हणाला. "लोक आता कॉम्प्युटरवरच बघतात म्हणे. आपली वाट लागली." नितेशने डिस्क स्वच्छ पुसली, पाकिटात घातली आणि त्याच्या हातात दिली. वर दुसरीकडे कुठे काम मिळतंय का बघतो असंही म्हणाला. त्या दिवशी त्याला सगळ्या जगाविषयी माया वाटत होती.

रविवारी गंधालीने नवा फ्रॉक घालून प्लास्टिक फाडलं. मंजुळाने शिरा केला होता. टीव्हीवर टॉवेल टाकला, डिस्क घातली. वारा सुटल्याचा आवाज आला, मग दार करकरलं.

"आ भी जाओ बेटा, रात हो रही है!"

खणखणीत आवाज. तरुण, तयारीचा, शब्दन् शब्द स्वच्छ. कोणीतरी चांगली आर्टिस्ट होती. वसुधा नव्हती.

"ही कोण?" गंधालीने विचारलं.

नितेशने डिस्क काढून पुसून पुन्हा लावली. मेनूत भाषा तपासली. हिंदी एकच होती. मग तो जमिनीवर बसला, कारण आता त्याला सगळं समजलं होतं, आणि ते त्याला आधीच समजायला हवं होतं. पिक्चर नव्या कंपनीने विकत घेतला की त्यांना चित्र मिळतं. जुन्या हिंदी आवाजाचे हक्क जुन्या कंपनीकडे, आणि जुनी कंपनी बुडालेली. अशा वेळी कोण कागद शोधत बसतो? नवे आवाज चढवणं स्वस्त पडतं. असली कामं त्यांच्या स्टुडिओत महिन्याला दोनतीन येत. तो स्वतः करत होता. कुणाकुणाच्या आवाजावर त्याने दुसऱ्यांचे आवाज चढवले, त्याला त्यांची नावंही माहीत नव्हती. दुकानात 'हिंदी' हा शब्द बघताना हे एकदाही त्याच्या डोक्यात आलं नाही. एवढा आनंद झाला होता त्याला.

मंजुळा काही बोलली नाही. तिने बोलायला हवं होतं. त्याला बरं वाटलं असतं.

सोमवारी त्याने सुट्टी टाकली आणि वाकोल्याला भाड्याने डिस्क देणाऱ्या कंपनीचं गोडाऊन शोधून काढलं. नमिता तिथेच होती, फोनवरून वाटली त्यापेक्षा लहान, दमलेली. त्याने सगळं सांगितलं. ऐकता ऐकता तिने हातातलं पेन खाली ठेवलं.

"सर, भाड्याचा माल बाजारात जाता कामा नये ना. म्हणून कापूनच भंगारात देतात." तिने कोपऱ्याकडे हात केला. तिथे दोन पोती उरली होती. "आज सकाळपर्यंत नव्वद टक्के गेलासुद्धा. सर, तुम्ही फोनवर हे का नाही बोललात? बायकोचा आवाज आहे म्हणून?"

का नाही बोलला? धंद्याच्या फोनवर घरचं बोलायचं नसतं असं त्याला वाटत आलं होतं. पोती उलटी करून तो अर्धे तुकडे चाळत बसला. थोड्या वेळाने नमिताही ओढणी खोचून शेजारी बसली. नावं कापली गेली होती, उरले होते नुसते बारकोडच्या पट्टीवरचे काळे नंबर. तुकडे जुळवूनही डिस्क वाजत नाही, हे दोघांनाही माहीत होतं. तरी ते संध्याकाळपर्यंत शोधत होते.

दुसऱ्या दिवशी तो देवनारला गेला, भंगारवाल्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये. खंडू म्हणून मालक होता. तिथे तर तुकडेही नव्हते. मशीनमधून काढलेला चुरा गोण्यांत भरून ठेवलेला. "काय शोधता?" खंडूने विचारलं. नितेशने सांगितल्यावर त्याने एक मूठ चुरा उचलून दाखवला, मग त्याचं त्यालाच कसंतरी वाटलं आणि त्याने तो परत गोणीत टाकला.

परतताना नितेश अंधेरीला गेला. लाज सोडून त्याने फूटपाथवरचा तो डिस्कवाला शोधला, ज्याचा माल वसुधाने उधळला होता. माणूस तोच होता. पण तो आता मोबाइलची कव्हरं विकत होता. "त्या डिस्क? केव्हाच फेकल्या," तो म्हणाला. "कोण घेतं आता?"

मग शोधणंच संपलं. त्याने नवी डिस्क कपाटात कपड्यांखाली ठेवली. फेकवली नाही, विकत घेतलेली होती म्हणून नव्हे, नेमकं का ते त्यालाही सांगता आलं नसतं. गंधाली काही दिवस विचारत राहिली, मग विचारायची थांबली. नितेशला वाटलं, लहान आहे, विसरली. आपल्या सोयीचं असलं की आईबापांना मुलं विसरल्यासारखी वाटतात.

दिवाळीच्या आधी एका शनिवारी स्टुडिओचं काम लवकर संपलं आणि तो दुपारीच घरी आला. जिन्यातच त्याला आवाज आला. खणखणीत, तयारीचा. त्याने दार ढकललं. गंधाली टीव्हीसमोर मांडी घालून बसली होती आणि त्या गोऱ्या बाईच्या तोंडाकडे टक लावून बघत होती.

"रोज लावते," मंजुळा स्वयंपाकघरातून हळूच म्हणाली. "मी नाही अडवत. तेवढा वेळ शांत असते रे ती."

नितेश पोरीच्या शेजारी बसला. "गंधू, ही आई नाही. माहीत आहे ना तुला?"

"माहीत आहे."

"मग?"

"मग दुसरं काय लावू?"

गंधालीने पडद्यावरची नजर काढली नाही. जरा वेळाने म्हणाली, "बाबा, आधीचा आवाज मला आता आठवत नाही. मी झोपताना आठवते तर हीच बोलते. तुला येतो ना आईचा आवाज? तू सांग ना ती कसं म्हणायची."

"थांब," तो म्हणाला. हे त्याला येणार होतं. ती हाक त्याने काचेमागे बसून कितीतरी वेळा घेतली होती. वसुधाला पहिल्यांदा नीट जमत नव्हती, ती स्वतःवरच चिडली होती, मग हसली होती. त्याने पिक्चर मागे नेला आणि टीव्हीचा आवाज पूर्ण बंद केला. बाई दारात आली. तिचे ओठ हलले. नितेशने डोळे मिटले, वसुधाचे शब्द आठवले, एकेक शब्द बरोबर आठवला, आणि तो त्या खणखणीत, तयारीच्या आवाजात कानात वाजला.

त्याने पुन्हा मागे नेलं. पुन्हा तीच. तिसऱ्यांदा त्याने डोळे उघडे ठेवले, भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं, आणि फोटोतली वसुधाही त्या परक्या बाईच्या आवाजात बोलली.

"काय झालं?" गंधालीने विचारलं.

नितेशने रिमोटवर टीव्हीचा आवाज पुन्हा सुरू केला. बाईने पोराला हाक मारली.

"असंच," तो म्हणाला. "साधारण असंच म्हणायची."

गंधालीने मान हलवली आणि नीट ऐकायला टीव्हीजवळ सरकून बसली.